ओल्या खोगिराचा वास

"थुंक आधी," मी दादाला म्हणाले.

दादानं गिळलं. वर ओठ पुसले नाहीत, जिभेनं चाटले. तळघरातल्या त्या एकुलत्या दिव्याखाली त्याचा चेहरा उजळला होता. लहानपणी माझ्या दप्तरात स्वतःचा हरवलेला खोडरबर सापडला की उजळायचा, अगदी तसा.

"नाकाडे, घोडा," तो म्हणाला.

"काय घोडा?"

"वास गं. चामडं, घाम, तबेला. वाईनमध्ये. आपल्या वाईनमध्ये. तुला कळतंय का हे काय झालंय?"

मला कळत होतं. म्हणूनच सकाळपासून दोनदा मोरीशी जाऊन चूळ भरून आले होते. लाकडी पिंप नीट न धुता त्यात वाईन भरली, की लाकडाच्या आत एक घाण धरते. तिचा वास आधी नव्या चामड्यासारखा येतो, मग घामासारखा, आणि मग चार दिवस न बदललेल्या मलमपट्टीसारखा. आमची सहा पिंपं त्या तिसऱ्या पायरीवर होती. माझ्या जिभेच्या मुळाशी ती चव चिकटली होती आणि जात नव्हती.

"घाण आहे ती," मी म्हणाले. "सहाही पिंपं गेली."

"गेली नाहीत, आली," दादा म्हणाला आणि पुन्हा पेला पुढे केला. "घाल अजून थोडी."

ही पिंपं नासली कशी, ते सांगायला हवं. गेल्या हंगामात माझं पित्ताशय काढलं. मी तीन आठवडे अंथरुणात. तेवढ्यात दादा आणि वहिनीनं फोटो काढायला माणसं बोलावली, आणि त्यांना मागे काहीतरी 'जुनं' दिसायला हवं म्हणून रिकामी पिंपं उचलून अंगणात रचली. दहा दिवस ती दवात भिजली, उन्हात तापली, कोणीतरी त्यांच्यावर बसून जेवलंसुद्धा. नंतर नळीनं पाणी मारलं आणि भरली. वाफ दिली नाही, गंधक जाळला नाही. मी दवाखान्यातून फोनवर विचारलं होतं, "पिंपं धुतली का रे?" तर हा म्हणाला, "लख्ख." घोडचूक म्हणतात ती हीच, पण ती करणाऱ्याला आता तिच्यात घोडा दिसत होता.

"यावर खडू मार," दादा म्हणाला.

आमच्याकडे एक रीत आहे, अप्पांनी घातलेली. पिंपावर खडूची बरोबरची खूण असल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत, आणि ती खूण पिंप सांभाळणाऱ्यानंच करायची. सत्तावीस वर्षं तो खडू माझ्या एप्रनच्या खिशात आहे. घरात माझ्या मालकीची म्हणावी अशी तेवढीच वस्तू.

"नाही मारणार," मी म्हणाले.

---

आमचं घराणं घोड्यांचं. म्हणजे घोडे आमचे कधीच नव्हते, लोकांचे असत. अडेल, चावरे, लाथाळ, अंगाला हात लावू न देणारे घोडे लोक आणून बांधायचे, आणि आमचे पणजोबा, आजोबा, मग अप्पा त्यांना माणसाळवून परत करायचे. पुढे ट्रॅक्टर आले, गाड्या आल्या, घोडे कमी झाले. अप्पांनी शंभर वर्षांची लीद मुरलेल्या जमिनीत द्राक्षं लावली. वेली अशा माजल्या की शेजारचे बघायला यायचे. घोड्यांसाठी राहिलं ते एक रिंगण, लाकडी कुंपणाचं, तळघराच्या मागे.

माणसाळवायची अप्पांची पद्धत कोणाला सांगितली तर लोक हसतात. ते अनवाणी रिंगणात जायचे, घोड्याकडे पाठ करायचे आणि कालचं वर्तमानपत्र वाचत उभे राहायचे. बस. घोडा फुरफुरायचा, धावायचा, खुरांनी माती उडवायचा. अप्पा बातम्या वाचायचे. दिवस, दोन दिवस. एकदा एका पिंगट घोडीसाठी नऊ दिवस. जेवायच्या वेळी आई कुंपणावरून ताट द्यायची, आणि म्हणायची, "माझ्याकडे तोंड करून उभं राहायला यांना घोडा लागतो."

शेवटी घोडा स्वतःहून यायचा. आधी मानेवर श्वास, मग खांद्याला नाक. तेव्हा अप्पा वळायचे. त्याआधी कधीच नाही.

"पाठ दिली की आपण पहिलं वळायचं नाही," ते सांगायचे. "त्यानं नाक लावायच्या आत वळलं, की तो समजतो, हाही इतरांसारखाच. मग जन्मभर तो तुमचा नाही."

अप्पांच्या हातात मी चाबूक कधी पाहिला नाही. आसूड नाही, काठी नाही. मला वास घ्यायला त्यांनीच शिकवलं, तेही द्राक्षांवर नाही, खुरांवर. खूर उचलून धरायचे आणि म्हणायचे, "घे वास. आत सडलंय का सांग." सात-आठ वर्षांची मी नाक घोड्याच्या पायात खुपसायचे. तिथून 'नाकाडी' हे नाव पडलं. पुढे तळघरात आले तेव्हा पुस्तकं नव्हती, शिकवणारं नव्हतं. नाक होतं.

दादा मात्र रिंगणात कधी गेला नाही. सहा वर्षांचा असताना एका घोडीनं त्याचा खांदा धरला होता. दातांची खूण अजून आहे. तो सदरा बदलताना पाठ भिंतीकडे करतो.

---

लेबल आलं त्या दिवशी वहिनीनं ते न्याहारीच्या टेबलावर, बशी बाजूला सारून, अप्पांपुढे ठेवलं. सोनेरी कडा, काळा कागद. मागचे दोन पाय टेकून उसळलेला पांढरा घोडा, आणि समोर उंच बूट घातलेला, छाती काढलेला माणूस, चाबूक उगारून. खाली लिहिलं होतं, 'सात पिढ्यांची मर्दुमकी, एका घोटात'. आमच्या मोजून चार पिढ्या कोणाला ठाऊक आहेत. उरलेल्या तीन खोगीरभरती.

"हा कोण?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हीच, अप्पा," वहिनी म्हणाली. "तरुणपणीचे."

"हातात काय आहे माझ्या?"

"चाबूक."

अप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. "घोडा ओरडतोय का?"

"ओरडत नाहीये हो, उसळतोय."

"तोंड उघडलंय. टाळ्याला लोखंड लागलंय त्याच्या." मग त्यांनी मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव वाचलं. "वेसण. वेसण बैलाला असते, सूनबाई. घोड्याला लगाम."

"अहो, पण वाजतं किती छान," वहिनी म्हणाली. "आणि पिणाऱ्याला काय कळतंय, अप्पा. बैल काय, घोडा काय."

अप्पा हसले आणि चहा प्यायला लागले. तिच्यावर ते चिडत नाहीत. ती त्यांची औषधं वेळेवर देते, आणि तिच्याइतकी मऊ पोळी या घरात कोणाला जमत नाही, हे मीही मान्य करते. पण त्या लेबलाकडे बघून मला शिसारी आली. हाताला लागलेली शाई मी साबणानं धुतली, तरी ती नखात राहिलीच.

आणि तरी गप्प बसले. का, तर माझा एक माज होता. बाटलीच्या बाहेर तुम्हाला काय चिकटवायचं ते चिकटवा, आत मी आहे. सोंग बाहेर राहील, आत खरं राहील. आता आतही सोंगच भरायचं म्हणत होते. लेबलाच्या दिवशी गप्प बसलेल्या त्या बाईची, म्हणजे माझीच, मला पिंपापेक्षा जास्त किळस आली.

---

"असं करू," दादा तळघराच्या पायरीवर बसत म्हणाला. "रविवारी पाहुणे येतायत. मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला येतोय. सगळ्यांसमोर अप्पा पहिला वास घेतील. ते 'घोडा' म्हणाले, तर तू खडू मारायचा. नाही म्हणाले, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"ते नाही म्हणणार तसं."

"म्हणतील. घोड्याशिवाय त्यांना आठवतं काय आता?"

हे तो सहज बोलला, पेल्यातला थेंब बघत. मला त्याला पायरीवरून ढकलावंसं वाटलं. पण मी हो म्हणाले. अप्पा त्र्याऐंशीचे आहेत, माणसांची नावं विसरतात, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. पण त्यांचं नाक खोटं बोलणार नाही, यावर मी सहा पिंपं लावली. आणि ती वाईन लेबलावरच्या त्यांच्याच चेहऱ्याखाली दारोदार जाणार होती.

रविवारी अंगणात पांढरा मांडव. टेबलांवर पेले, चीजचे तुकडे, फुलं. वहिनीनं अप्पांना चित्रातल्यासारखे उंच बूट आणले होते. घोट्यापाशी ते त्यांना काचत होते. जन्मभर अनवाणी मातीत उभा राहिलेला माणूस, खुर्चीत पाय उचलून-उचलून ठेवत होता.

"अप्पा, काढू का बूट?" मी विचारलं.

"राहू दे. सूनबाईनं हौसेनं आणलेत."

घोडाही आणला होता, भाड्यानं. पांढरा, धुतलेला, आयाळीला तेल लावलेला. पाठीवर आरसे लावलेलं मखमली खोगीर. घोडेवाल्यानं जिभेनं टक् केलं की घोडा मागच्या पायांवर उभा राहायचा आणि माणसं ओ म्हणायची. त्याच्या ओठांच्या कडेला पांढरी पावडर फासली होती. मी जवळ जाऊन बघितलं. पावडरीखाली लाल होतं.

"किती वर्षं आहे तुमच्याकडे?" मी घोडेवाल्याला विचारलं.

"चार. लई गुणी आहे. बटण दाबलं की उभा."

दादानं माइक हातात घेतला. दऱ्या, वारसा, रक्त, मर्दुमकी, सगळं झालं. माणसं माना डोलवत होती. मी खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या तोंडात पुन्हा ती मलमपट्टीची चव आली, काही न पिता.

मग दादानं अप्पांच्या हातात पेला दिला आणि माइक त्यांच्या तोंडाशी धरला. "अप्पा, घ्या वास. आणि सांगा या मंडळींना, कसला आहे."

अप्पांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. पुन्हा नेला. मी खिशातला खडू इतका आवळला होता की तो मोडला.

"घोडा," अप्पा म्हणाले.

टाळ्या वाजल्या. दादानं माझ्याकडे बघितलं, भुवई उंचावून, आणि माइक त्यांच्यापासून काढून घेतला. त्यामुळे पुढचं फक्त जवळच्यांनी ऐकलं.

"पाठ सडलीये त्याची," अप्पा म्हणाले. "ओलं खोगीर ठेवलंय कोणीतरी. कुठाय तो?"

वास पेल्यातून आला, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. घोड्यासारखा वास म्हणजे घोडा, आणि सडका वास म्हणजे दुखणारा घोडा, एवढंच त्यांच्यासाठी खरं होतं. त्यांनी पेला गवतावर ठेवला. खुर्चीत वाकून एक बूट काढला, मग दुसरा. आणि चालत पांढऱ्या घोड्याकडे गेले.

"आजोबा, लाथ मारेल," घोडेवाला म्हणाला.

"मारू दे. त्याचा हक्क आहे."

त्यांची बोटं कापतात. सदऱ्याचं बटण लावायला त्यांना पाच मिनिटं लागतात. पण पोटाखालून आवळलेला तंगाचा पट्टा त्यांनी एका हिसक्यात सोडला आणि आरशांचं खोगीर वर उचललं. खालचं फडकं चिकटलेलं होतं. ते त्यांनी हळूहळू सोलल्यासारखं काढलं. माझ्या दोन तळव्यांएवढी ओली जखम, कडा हिरवट, आणि क्षणात त्यावर माश्या. हवेत तोच वास. जणू सहा पिंपं कोणी एकदम उघडली.

पाहुणे पुढे सरकून बघत होते. मला वाटलं, आता कळेल यांना. आता पेले खाली ठेवतील.

तेवढ्यात मागून कोणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. मग सगळ्यांनी वाजवल्या. एका बाईनं एका हातात पेला धरून दुसऱ्या हातानं जखमेचा फोटो काढला. हॉटेलचा खरेदीवाला माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं जखमेकडे बघितलं, पेला हुंगला, आणि म्हणाला, "आत्ता कळला हा वास. इतकं अस्सल कुठंच मिळत नाही हो." आणि प्यायला. घोट तोंडात घोळवून, डोळे मिटून प्यायला.

मला तिथंच उलटी झाली असती तर बरं झालं असतं.

"म्हणाले की नाही घोडा?" दादा माझ्या कानाशी आला. "ठरलंय आपलं. खडू."

"अप्पांचं ऐकलंस का तू पूर्ण?"

"मी 'घोडा' ऐकलं. तूही ऐकलंस."

तिकडे अप्पांनी घोड्याला मोकळ्या पाठीनं चालवत रिंगणात नेलं होतं. दोरी काढली, फाटक ओढलं, आणि घोड्याकडे पाठ करून कुंपणाशी उभे राहिले. वर्तमानपत्र नव्हतं. कोणीतरी दिलेलं 'वेसण'चं माहितीपत्रक त्यांच्या खिशात होतं. ते उघडून डोळ्यांपुढे धरलं. चष्मा डोक्यावरच होता.

पाहुणे थोडा वेळ बघत राहिले. काहीच होत नाही म्हटल्यावर चीजकडे वळले.

मी तळघरात गेले. पंप ओढला, नळीचं एक टोक पहिल्या पिंपात सोडलं. दुसरं टोक टाकीत घालायचं असतं, ते गटाराच्या जाळीवर ठेवलं. खटका दाबला. वर अंगणात दादानं पंपाचा आवाज ऐकला असणार. झरोक्यातून त्यानं आत डोकावून अंगठा दाखवला. त्याला वाटलं, भरायला घेतली. मीही मान हलवली.

एका पिंपाला दहा-बारा मिनिटं लागली. नळी घसरू नये म्हणून मी ती हातांनी जाळीवर दाबून धरली होती. जांभळा लोंढा बोटांवरून जात होता, कोपरापर्यंत उडत होता. द्राक्षं माझी होती. ती खुडली तेव्हा गोड होती, टपोरी होती, काही दोष नव्हता त्यांचा. एवढंच मनात येत राहिलं. बाकी काही नाही.

सहावं पिंप संपताना दादा खाली आला. त्याच्या हातात दोन नवे खडू होते. माझा मोडला हे त्यानं बघितलं होतं.

"झालं भरून?"

"ओतलं."

त्यानं फरशी बघितली, जाळी बघितली. "सगळं?"

"सहाही."

तो ओरडेल म्हणून मी तयार होते. मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, धारदार, सत्तावीस वर्षांची. तो पायरीवर बसला. खडू बोटांत फिरवत राहिला.

"मला खरंच आवडली होती गं," तो म्हणाला.

तो खरं बोलत होता. सगळ्या दिवसात मला सगळ्यात वाईट वाटलं ते याचं. ओकारीसुद्धा थांबली. मी पंप बंद केला.

"पिंपं?" त्यानं विचारलं.

"ती चुलीत."

वर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडवातून माणसं निघून गेली होती. वहिनी पेले गोळा करत होती. घोडेवाल्याला दुसरीकडे कार्यक्रम होता. तो रिंगणाच्या मागच्या फाटकानं घोडा घेऊन चालला होता. खोगीर मात्र स्वतःच्या खांद्यावर टाकलं होतं. तेवढं तरी.

"आजोबांना सांगितलंत का?" मी विचारलं.

"ते वळेचनात. म्हटलं, झोप लागली असेल उभ्या उभ्या."

अप्पा तसेच होते. कुंपणाशी, अनवाणी, माहितीपत्रक डोळ्यांपुढे. मागे रिकामं रिंगण, उघडं फाटक, आणि मातीत दूर जाणाऱ्या खुरांच्या खुणा. त्यांना ऐकू आलं नसेल असं नाही. मागच्या वाटेला दगड आहेत, त्यावर नाल वाजतो. पण पाठ दिली होती, आणि पहिलं वळायचं नसतं.

मी चपला फाटकाबाहेर काढल्या आणि मागच्या बाजूनं आत गेले. हळू चालले, मध्ये थांबले, पुन्हा चालले. जवळ पोचले तेव्हा हात पुढे केला आणि मागे घेतला. हात जांभळे होते, आणि त्यांना तो वास होता.

म्हणून मी वाकून त्यांच्या खांद्याला नाक लावलं. सदऱ्याला ऊन लागलेला वास होता, वाळलं गवत आणि थोडी आयाळ.

अप्पा क्षणभर हलले नाहीत. मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि घाई न करता वळले.